लालबाग पाहायला या

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर लालबागेविषयी कितीही सांगितले तरी काहीतरी राहूनच जाते, म्हणून आज मुद्दाम पत्र लिहीत आहे. तुम्ही दोघांनी बंगळूरला येऊन ही बाग एकदा सावकाश पाहावी, असे मला मनापासून वाटते.

हैदर अलीने १७६० च्या सुमारास ती आखायला घेतली आणि टिपूने देशोदेशीची रोपे आणवून ती वाढवली. श्रीरंगपट्टण पडल्यावर ती इंग्रजांच्या हाती गेली, १८५६ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान झाली आणि आता कर्नाटकाचे उद्यान खाते तिची देखभाल करते. बाबा, एवढ्या राजवटी बदलल्या, तरी जुने राखून त्यात भर घालण्याचे काम येथे चालू राहिले आणि बाग २४० एकरांपर्यंत वाढली, हे मला तिचे खरे मोठेपण वाटते. जॉन कॅमेरून या अधीक्षकाच्या काळात, १८८९ मध्ये, लोखंड आणि काचेच्या भव्य काचघराची पायाभरणी झाली. त्याच्यामागून १९०८ मध्ये आलेल्या क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाविषयी वाचताना तुमची फार आठवण आली, कारण त्याआधी हा माणूस बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या चाकरीत बागांचेच काम पाहत होता. वर्षाच्या प्रत्येक ऋतूत कुठले ना कुठले झाड फुललेले असावे, अशा बेताने त्याने या शहराच्या रस्त्यांवर झाडे लावण्याची योजना केली. आज त्या रस्त्यांवरून जाताना मला त्याच्याविषयी कृतज्ञता वाटते.

आई, तुला मात्र मी सर्वांत आधी पांढऱ्या सावरीपाशी नेणार आहे. तिच्या बुंध्यापासून मुळांच्या उभ्या भिंती चहूबाजूंना पसरल्या आहेत आणि दोन भिंतींच्या बेचक्यात मोठा माणूस सहज आडोशाला उभा राहील. राखाडी सालीवर हात ठेवला की तिचा खरखरीतपणा जाणवतो आणि मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय शेंडा काही दिसत नाही. अशा झाडाला आधी कुंपण आणि मग पाणी लागते, असे तू परसातल्या रोपांविषयी म्हणायचीस, तेच येथे पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी केले असणार.

बागेतच एक उघडा खडक आहे, नीस जातीचा, सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातले फिकट आणि काळपट पट्टे वाकत, वळत गेलेले जवळून स्पष्ट दिसतात. माथ्यावर बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या नावाचा छोटा मनोरा आहे. हा चढ बाबांच्या गुडघ्यांना मानवणार नाही, परंतु पट्टे पायथ्याशीही पाहता येतात आणि बाकीच्या वाटा बहुतेक सपाट आहेत. तळ्याकडे जायला बॅटरीवर चालणारी गाडीही मिळते.

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास काचघरात पुष्पप्रदर्शन भरते. ते सुंदर असते, पण गर्दीत झाडे पाहणे होत नाही, म्हणून ते दिवस टाळू. फेब्रुवारीच्या मध्यावर या. तेव्हा सकाळी हवा छान असते. बाबांच्या डॉक्टरांना विचारून तारीख कळवा, म्हणजे मी गाडीची तिकिटे काढते आणि रजाही टाकते.

तुमची मुलगी