सूचना : येत्या रविवारचे विशेष अर्पण

मंडळीच्या सर्व सभासदांस ख्रिस्तात सप्रेम सलाम.

येत्या रविवारी सकाळची उपासना संपताच मंडळीच्या सभागृहात दानधर्माविषयी बायबल अभ्यास होईल आणि त्यानंतर गरजू कुटुंबांसाठी विशेष अर्पण घेतले जाईल. सर्वांनी बायबलमधील २ करिंथ (प्रेषित पौलाचे करिंथ येथील मंडळीस दुसरे पत्र), अध्याय ८ व ९ वाचून यावे. यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी जमवताना पौलाने कोणावर सक्ती केली नाही. उलट, स्वतः कमालीच्या दारिद्र्यात असलेल्या मासेदोनियातील मंडळ्यांनीच आम्हांलाही या सेवेत भाग घेऊ द्या, अशी आग्रहाने विनवणी केली. देण्यातला आनंद इतका उघडपणे क्वचितच दिसतो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

- किती द्यायचे हे प्रत्येकाने प्रार्थनापूर्वक आपल्या मनाशी ठरवावे (९:७). पाकिटावर नाव लिहू नये. कोणाचीही रक्कम जाहीर केली जाणार नाही.
- ज्यांना सध्या देणे शक्य नाही, त्यांनी निःसंकोच यावे. जवळ नाही त्याची अपेक्षा देवही करत नाही (८:१२).
- पैशांच्या बाबतीत कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये, याची पौलानेही काळजी घेतली होती (८:२०-२१). त्यामुळे मोजणी तीन सभासद एकत्र बसून करतील आणि एकूण जमा पुढील रविवारी सांगितली जाईल.

मदतीची गरज असलेल्यांनी पाळकांना खाजगीत भेटावे.

– सचिव, मंडळी समिती