खोली सुरक्षित हवी, कोठडी नको

महोदय,

मनोरुग्णांच्या सुरक्षिततेविषयी आपल्या अंकातला लेख वाचला. त्यात कॅमेरे वाढवण्यावर भर आहे, रुग्णाच्या खोलीबद्दल मात्र चकार शब्द नाही. रुग्णालयांच्या इमारतींची कामे करत असल्याने हे खटकले.

कॅमेऱ्यात घडलेले दिसते. घडू नये याची तजवीज खोलीतच करावी लागते. स्वतःच्या जिवावर उठण्याचा आवेग बहुतेकदा थोड्या वेळात ओसरतो. तेवढा वेळ हाताशी साधन नसले तरी माणूस वाचू शकतो. म्हणून काही अडकवता येईल अशी जागाच खोलीत ठेवायची नाही. दाराची मूठ उतरती, नळ भिंतीलगत, आरसा न फुटणारा. जास्त लक्ष न्हाणीघराकडे हवे, कारण रुग्ण एकटा असतो तो तिथेच. भार पडताच निखळणारे पडद्याचे दांडे न बसवणे ही चूक इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१८ च्या 'कधीच घडू नयेत' अशा घटनांच्या यादीत घातली आहे. दार दोन्ही बाजूंना उघडणारे हवे, म्हणजे आतून पलंग लावला तरी कर्मचाऱ्यांना ते बाहेरच्या बाजूला ओढून आत शिरता येते.

पण सुरक्षितता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गज, जाळी आणि ओकीबोकी भिंत येते. घाबरलेल्या माणसाला तिथे ठेवले तर तो आणखी बिथरणार नाही तर काय? अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण अभ्यासले. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. ते मनोरुग्ण नव्हते हे खरे. पण पुढे उलरिच यांनीच सहकाऱ्यांसह स्वीडनमधल्या एका नव्या मनोरुग्णालयाचा अभ्यास केला. तिथे एकेकाला स्वतंत्र खोली, बाग आणि भरपूर उजेड होता. रुग्णांना बांधून ठेवण्याची वेळ जुन्या इमारतीच्या तुलनेत कमी आली.

रात्रीच्या फेरीचेच बघा. दर थोड्या वेळाने दार उघडून तोंडावर बॅटरी मारली तर रुग्ण झोपणार कधी? दारातल्या काचेत फिरत्या पट्ट्या बसवल्या आणि त्यांची किल्ली परिचारिकेकडे दिली, आत मंद दिवा ठेवला, तर झोप न मोडता लक्ष ठेवता येते. एरवी पट्ट्या बंद, म्हणजे आडोसाही राहतो.

या साऱ्यावर पाणी फिरते ते देखभालीत. भार पडताच खाली झुकणारा खास हुक मोडतो, नवा यायला वेळ लागतो, सुतार बाजारातला साधा हुक ठोकून मोकळा होतो. बिल निघते, काम झाले अशी नोंदही होते. तेव्हा सुटे भाग त्याच प्रकारचे बसवण्याची अट निविदेतच घालावी, आणि दुरुस्तीनंतर वॉर्डच्या परिचारिकेने खोली तपासून सही केल्याशिवाय तिथे रुग्ण ठेवू नये.

– एक वास्तुविशारद वाचक