जायकवाडीची पातळी फुटांतही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात जायकवाडीच्या साठ्याची टक्केवारी नियमित येते. रब्बीला किती आवर्तने मिळतील, शहराला उन्हाळाभर पाणी पुरेल का, हे त्यावरून कळते आणि ते आधी कळायलाच हवे. पण नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, मोटरबोट घेऊन उतरणाऱ्याला टक्क्यांचा उपयोग होत नाही. त्याला फूट लागतात. टक्केवारी साठ्याची असते, तीही मृतसाठा, म्हणजे तळाचे वापरात न येणारे पाणी, सोडून. इंजिनाच्या पंख्याखाली किती पाणी आहे हे तिच्यातून कळत नाही. म्हणून विनंती अशी, की टक्क्यांच्या शेजारी त्या दिवशीची पातळी फुटांत रोज छापावी, अगदी हिवाळ्या-उन्हाळ्यातही. ही पातळी समुद्रसपाटीपासून मोजतात; धरण पूर्ण भरले की ती १५२२ फूट असते.

एवढ्याशा आकड्यासाठी पत्र लिहिण्याचे कारण जलाशयाच्या आकारात आहे. नाथसागर खोल कमी आणि पसरट फार. लांबी सुमारे ५५ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २७ किलोमीटरपर्यंत. काठाचा उतार इतका मंद आहे, की पातळी दोन-तीन फूट उतरली तरी पाण्याची कड कितीतरी आत सरकते. पाण्याखाली जुन्या गावांची जोती, विहिरी, बांध आणि झाडांचे बुंधे आहेत. समजा, एका विहिरीचे बांधकाम १५०८ फुटांवर आहे. पातळी १५२० असताना त्यावर बारा फूट पाणी असते, बोट बिनघोर जाते. पातळी १५०५ झाली की विहीर उघडी पडते आणि लांबून दिसते. खरा धोका मधल्या दिवसांत, म्हणजे पातळी १५०९ ते १५१२ असताना. वरून सपाट पाणी दिसते आणि दगड एक ते चार फुटांवर असतो. सोळा-अठरा फुटी फायबर बोटीला इंजिन खाली सोडलेले असताना साधारण अडीच फूट पाणी लागते. लाटेत बोट खाली बसते ते धरून पाच फुटांखाली वेग घेऊ नये.

अडथळ्याची उंची काढायला सर्वेक्षणाचे यंत्रही लागत नाही. पाणी ओसरताना किंवा चढताना ज्या दिवशी पाण्याची कड त्या बांधकामाच्या माथ्याला लागते, त्या दिवशीची पातळी हीच त्याची उंची. मोबाइलवर जागेची खूण घ्यायची आणि शेजारी तो आकडा लिहायचा. मासेमार, गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत पीक) करणारे शेतकरी आणि बोटवाले यांनी एका उन्हाळ्यात अशा नोंदी एकत्र केल्या, तर पैठणपासून प्रवरासंगमापर्यंतचा बराचसा नकाशा तयार होईल. मात्र रोजचा आकडा सर्वांना सहज मिळाला तरच. धरणावर तो नोंदवला जातोच. तो वृत्तपत्रात आणि बोटी सुटतात त्या काठावरच्या फलकावर आला पाहिजे.

गाळपेरीचा उल्लेख आला, तर काठाबद्दलही लिहिले पाहिजे. पाणी जसे मागे सरते तशा शेतकऱ्यांच्या पाणी उपसण्याच्या मोटारी त्याच्यामागे पुढे सरकतात, आणि त्यांच्याबरोबर पाइप आणि विजेची केबल. यातले बरेच पाण्याखालीच असते. पंख्याने केबल कापली गेली तर बोटीतल्यांचाही जीव धोक्यात आणि शेतकऱ्याचेही नुकसान. मोटारी दिसल्या की काठाला समांतर जाऊ नये. उतरायचेच असेल तर मोकळी जागा पाहून काठाकडे सरळ, अगदी मंद वेगात यावे. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, एकाने फुटांच्या खुणा केलेला बांबू घेऊन बसावे आणि पाणी मोजत राहावे. खोली दाखवणारे यंत्र बोटीखालची खोली सांगते, पुढची नाही.

सर्वांत जास्त बोटी अडकतात त्या जाळ्यांत. भोई-कहार बांधवांची जाळी संध्याकाळी लागतात आणि सकाळी निघतात. त्यामुळे अंधारात आणि भल्या पहाटे बोट चालवूच नये. जाळ्याची खूण म्हणून बहुतेकदा रिकामी पाण्याची बाटली किंवा थर्माकोलचा तुकडा असतो. उन्हाच्या चकाकीत पारदर्शक बाटली वीस फुटांवरूनही दिसत नाही. नायलॉनचा धागा पंख्यात गेला की आधी इंजिन बंद करावे आणि चालकाच्या मनगटाची सुरक्षा दोरी काढून घ्यावी. मग इंजिन उचलून, पंखा उलटा हाताने फिरवत धागा सोडवावा. रिव्हर्स टाकून सुटेल या आशेने बरेच जण घोटाळा वाढवतात. जाळे कापावे लागलेच, तर मालकाला शोधून भरपाई द्यावी. त्याची रोजची भाकरी त्या जाळ्यावर आहे.

धागा वरवर निघाला म्हणजे काम झाले असे नाही. पंख्यामागे दांड्यावर राहिलेला बारीक नायलॉन तेलाचे सील कापतो, गिअरपेटीत पाणी शिरते आणि थोड्याच दिवसांत दातरे खराब होतात. परतल्यावर पंखा काढून पाहावा आणि गिअरपेटीचा खालचा स्क्रू किंचित सैल करून थेंबभर तेल तपासावे. ते दुधाळ असेल तर सील बदलल्याशिवाय बोट पाण्यात घालू नये.

पेट्रोलच्या बाबतीत अलीकडे जास्त जपावे लागते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतले पाणी ओढते. महिनाभर अर्धी भरलेली टाकी तशीच राहिली तर पाणी आणि इथेनॉल तळाशी बसते, आणि इंजिन नेमके मध्यावर गचके देऊ लागते. पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा आणि जुने पेट्रोल वापरू नये. इंजिन सुरू होऊन पाच-दहा मिनिटांनी बंद पडले, तर कार्बोरेटर उघडण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहावा. तो बंद राहिला असेल तर नळीवरचा रबरी पंप चपटा झालेला दिसतो. इंधनाचा हिशेब एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेले राखीव असा ठेवावा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडेही लक्ष हवे. धार थांबली की इंजिन लगेच बंद करावे. पाणी ओढणाऱ्या जाळीवर बहुधा प्लास्टिकची पिशवी बसलेली असते.

वाऱ्याला मात्र काही उपाय नाही. एप्रिल ते जूनमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग उठतात आणि दहा-पंधरा मिनिटांत वारा सुटतो. एवढ्या लांब उघड्या आणि उथळ पाण्यावर लाटा आखूड आणि उभ्या उठतात. धरणाच्या भिंतीवर बसवलेल्या दगडांवर (पिचिंगवर) आपटून त्या परत येतात, म्हणून आसऱ्यासाठी भिंतीकडे वळणे चुकीचे. इंजिन बंद पडले तर नांगर नाळेवरूनच टाकावा, मागून कधीही नाही. दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडावा, कारण गाळात नांगर लवकर धरत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. या महिन्यांत दुपारी बाराच्या आत काठाला यावे आणि लाइफ जॅकेट सुटतानाच अंगावर चढवून बांधावे. लाटेत ते घालता येत नाही.

चार-सहा बोटी बरोबर निघत असतील तर क्रम ठरलेला असावा. पुढे वाट जाणणारा आणि खोलीयंत्र असलेली बोट. तिच्यामागे सर्वांत हळू चालणारी, कारण ताफ्याचा वेग तिनेच ठरवायचा. शेवटी सर्वांत दमदार इंजिनाची बोट, तिच्यात ओढायचा दोर, पाने-पेंचिस आणि जादा पंखा. उथळ पाण्यात मागच्याने पुढच्याच्याच वाटेने जावे, पण दोघांत निदान दहा बोटींच्या लांबीचे अंतर ठेवावे. पुढची बोट रुतली तर थांबायला तेवढे लागतेच. ओढताना नायलॉनचा दोर ताणला जातो आणि झटका कमी बसतो. पण तो पाण्यात बुडतो आणि सैल पडला की ओढणाऱ्याच्याच पंख्यात जातो. तराफ्यावर मासेमार दिसला की सगळ्या ताफ्याने वेग उतरवावा. पहिली बोट हळू गेली आणि मागच्या तिघींनी लाटा उठवल्या, तर त्याचा तराफा उलटायला तेवढ्या पुरतात.

नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. वनविभागाची परवानगी हातात असल्याशिवाय बोट उतरवू नये, आणि ती मिळाली तरी हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब उतरतात त्या उथळ पट्ट्यांपासून लांबच राहावे. थवा मान वर करून चालू लागला, म्हणजे बोट आधीच फार जवळ आलेली असते. शिवाय हे छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याचे पिण्याचे पाणी आहे. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनातून न जळलेले तेल-पेट्रोल थेट पाण्यात जाते. इथे फोर-स्ट्रोकच चालवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येलदरी, माजलगाव, विष्णुपुरीच्या पातळ्याही अशाच छापल्या तर तिथल्यांची सोय होईल. नांदेड जिल्ह्यातल्या गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात. त्या काळात बंधाऱ्यामागे पाणी अडलेले नसते, हे धरूनच तिकडचा बेत आखावा लागतो. यांत्रिक बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जलवाहतुकीच्या कायद्याने नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. आरटीओचे जसे तालुक्याला शिबिर भरते, तसे या कामांसाठी मेरीटाइम बोर्डाने वर्षातून एकदा पैठणला भरवावे.

जाळ्यांच्या खुणांसाठी तेलाचे रिकामे पाच लिटरचे कॅन भगव्या रंगात रंगवून मासेमारांना पुरवण्याचा खर्च बोटवाल्यांनी उचलावा. एका जाळ्याला दोन, दोन्ही टोकांना. पाणी ओसरू लागण्याआधी, दिवाळीच्या सुमारास ते वाटले गेले पाहिजेत, आणि पातळीचा आकडाही तेव्हापासून छापला जावा.

आपले,
नाथसागरावर मोटरबोट चालवणारे काही वाचक, पैठण