सोमवारची पोटदुखी खोटी नसते

मा. संपादक,

जूनच्या मध्यात शाळा उघडतात, विदर्भात त्यानंतर काही दिवसांनी. त्या सुमारास दप्तराचं ओझं, रेनकोट आणि डब्यातले पदार्थ यांवर वर्तमानपत्रांत भरपूर छापून येतं. त्याच आठवड्यांत अनेक घरांत सकाळी साडेसहाला जे चालतं, त्याबद्दल मात्र फारसं वाचायला मिळत नाही. गणवेश अंगात चढलेला, वेण्या झालेल्या, आणि मूल बेंबीवर हात ठेवून म्हणतं, ‘पोट दुखतंय.’ रिक्षा निघून गेली की अर्ध्या तासात तेच मूल पोह्यांची बशी मागतं. बाबा म्हणतात नाटक, आजी म्हणते दृष्ट. बिचाऱ्या पोटाचं म्हणणं कोणीच ऐकत नाही.

ते खरोखर दुखत असतं. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे आणि ते मेंदूशी सतत जोडलेलं असतं. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते, आणि एरवी जाणवलीही नसती अशी कळ जाणवू लागते. शाळा बुडाली की भीती सरते, म्हणून कळही सरते. बरं वाटण्याचा वेग हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. जॉन अॅप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने नोरा नेश यांच्यासह ब्रिस्टल भागातल्या 1000 शाळकरी मुलांची पाहणी 1958 साली प्रसिद्ध केली. त्यात साधारण दहातल्या एका मुलाला अशी वारंवार होणारी पोटदुखी आढळली. वारंवार म्हणजे तीन महिन्यांत किमान तीनदा, आणि रोजच्या कामात अडथळा येईल इतकी. बेंबीपासून दुखणं जितकं लांब, तितकी शारीरिक कारणाची शक्यता जास्त, हा त्यांचा आडाखा डॉक्टर आजही वापरतात.

म्हणून आधी शरीर तपासून घ्यावं, पण एकदाच आणि नीट. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, उजवीकडे खाली दुखणं, ताप, हिरवी उलटी, शौचातून रक्त, लघवीला जळजळ, वजन घटणं किंवा उंची वाढायची थांबणं, यांतलं काहीही असेल तर हे पत्र बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. यांतलं काही नसेल तर पहिला संशय बद्धकोष्ठावर घ्यावा. शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही, वास येतो. म्हणून मूल दिवसभर रोखून धरतं आणि जावं लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. बाटली भरलेली परत येत असेल तर अर्धं निदान तिथेच झालं. उपाय साधा आहे: अर्धा तास लवकर उठवायचं, न्याहारी द्यायची आणि त्यानंतर दहा मिनिटं घाई न करता शौचाला बसवायचं. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. लोंबत्या पायांनी जोर लागत नाही. जंतांची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या मोहिमांत शाळेत मिळते. ती चुकली नाही ना, तेवढं पाहा.

एवढं करूनही सोमवारी दुखतं आणि रविवारी दुखत नाही, असं असेल तर तीन आठवडे एक वही ठेवा. वार, वेळ, दुखणं किती टिकलं आणि त्यानंतर लगेच काय होणार होतं, एवढंच लिहायचं. चौथा रकाना महत्त्वाचा. बुधवारी आणि शुक्रवारीच दुखत असेल तर वेळापत्रक काढून बघा. त्या दिवशी उभं राहून मोठ्याने वाचायचं असतं, की पीटीच्या तासाला गट पाडताना कोणी घेत नाही? वही मुलासमोर भरू नये. आपल्या पोटाची नोंद होते आहे हे कळलं की मूलही पोटाकडेच लक्ष देत बसतं.

या लक्ष देण्याचाच सगळा घोळ आहे. अमेरिकेत लिन वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना पोट तट्ट भरेपर्यंत पाणी प्यायला दिलं आणि पालकांचे गट केले. एका गटाने दुखण्याबद्दल सहानुभूतीने बोलत राहायचं, दुसऱ्याने दुसऱ्याच विषयांवर गप्पा मारायच्या, तिसऱ्याला काहीच सांगितलं नव्हतं. या तिसऱ्या गटाच्या तुलनेत सहानुभूतीच्या गटातल्या मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, आणि गप्पांच्या गटात निम्म्यावर आल्या. दर दहा मिनिटांनी ‘आता कसं वाटतंय?’ विचारणारी आई प्रेमानेच विचारते, पण त्या प्रश्नाने मूल पुन्हा पोटात डोकावतं. हिंगाचा लेप जरूर लावा, त्याने बिघडत काही नाही. लावून झाला की दप्तर हातात द्या.

मग बोलायचं काय? ‘नाटकं करू नकोस’ म्हटलं की आपलं दुखणं सिद्ध करण्यासाठी मुलाला ते वाढवावं लागतं. ‘काही होत नाही’ हेही तसंच, कारण त्याला होत असतं. ‘दुखतंय ना, कळलं मला. आपण शाळेत जाणार आहोत, मधल्या सुट्टीपर्यंत ते कमी होईल,’ एवढं शांतपणे, एकदाच. दुखणं मान्य, सुट्टी अमान्य. घरात नियम ठरवून ठेवावा: 100.4 अंश किंवा त्याहून जास्त ताप, उलटी किंवा जुलाब असतील तरच शाळा बुडेल. नियम संध्याकाळी, सगळे निवांत असताना सांगायचा आणि आजी-आजोबांनाही तोच लागू. शाळा बुडालीच तर दिवस कंटाळवाणा जाऊ द्या: अंथरूण, मऊ भात, अभ्यासाची वही. टीव्ही नाही, मोबाइल नाही, आईच्या कुशीत दुपारभर गोष्टीही नाहीत. कठोर वाटेल, पण घर शाळेपेक्षा गोड झालं तर उद्या पोट जास्त दुखणार.

पोटाने श्वास घेण्याचा सराव उपयोगी पडतो, फक्त तो दुखायला लागल्यावर पहिल्यांदा शिकवू नये. रात्री अंथरुणावर पाठ टेकून, बेंबीवर छोटी वाटी ठेवून, तीन आकडे मोजत श्वास आत आणि पाच मोजत बाहेर. वाटी वर जाताना दिसली पाहिजे. दहा वेळा पुरे. दोन आठवडे असं झालं की मग रिक्षात बसल्यावर वाटीविना जमतं.

भीतीचं कारण मुलाकडून काढून घेणं हे सगळ्यात नाजूक काम. ‘शाळेत काही झालं का?’ याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. समोर बसवून डोळ्यांत बघत विचारण्यापेक्षा मटार सोलताना किंवा गाडीवर मागे बसवून विचारा. रिक्षापासून शेवटच्या घंटेपर्यंतचा दिवस कागदावर काढायला लावा आणि प्रत्येक ठिकाणी हसरा, सरळ की रडका चेहरा ते मुलालाच काढू द्या. रडका चेहरा वर्गात असेल असं धरून चालू नका. तो पुष्कळदा रिक्षात किंवा स्वच्छतागृहाशी असतो. तिसरी-चौथीतलं मूल वाचनाच्या तासालाच अडत असेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखनात अडण्याची, तपासणी करून घ्यावी. तिच्या प्रमाणपत्रासाठी वयाची आठ वर्षं पूर्ण लागतात. शासकीय आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येणाऱ्या आरोग्य तपासणी पथकाला हे जरूर सांगावं, ते जिल्हा रुग्णालयाकडे पाठवू शकतात.

इथे एक थांबा हवाच. शाळेला नको म्हणणं अचानक सुरू झालं असेल, एका ठरावीक माणसाचं नाव निघताच मूल गप्प होत असेल, कपडे बदलताना दचकत असेल, तर ‘सुट्टी अमान्य’ हा वरचा सगळा उपदेश गुंडाळून ठेवा. आधी मूल सुरक्षित. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते. शिक्षकाचा मार किंवा वर्गात सगळ्यांसमोर केलेला अपमान, हे दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद केलेलं आहे. तिथे मुलाचा श्वास सुधारून काय उपयोग?

आठवडा-दोन आठवडे शाळा बुडालेली असेल तर एकदम पूर्ण दिवस पाठवू नये. आदल्या संध्याकाळी रिकाम्या शाळेत फेरी मारावी. पहिल्या दिवशी प्रार्थना आणि एक तास, दोन दिवसांनी मधल्या सुट्टीपर्यंत, पुढच्या आठवड्यात पूर्ण. सुटायची वेळ आधी ठरलेली हवी आणि ती रडण्यावर बदलायची नाही. रडलं म्हणून दहा मिनिटं आधी नेलं की रडणं कामी येतं हे मूल शिकतं, आणि पुढची पायरी दुप्पट अवघड होते. फाटकाशी ठरलेल्या एका शिक्षकाच्या हाती मूल सोपवायचं, निरोप एका मिनिटात, आणि खिडकीशी रेंगाळायचं नाही. बहुतेक योजना फसतात त्या या रेंगाळण्यात.

दोन-तीन आठवड्यांत काही फरक नसेल, झोप आणि खेळणंही सुटलं असेल, तर बालरोगतज्ज्ञाकडून मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, बोलता येतं. ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून आहे. ‘मी नसतोच तर बरं’ असं एकदाही मुलाच्या तोंडून आलं तर आठवड्यांची वाट पाहू नये, त्याच दिवशी फोन करावा.

शाळांकडून अपेक्षा थोड्याच, पण नेमक्या आहेत. पोट दुखलं की लगेच घरी फोन लावण्याची पद्धत थांबवावी; ताप बघावा, दहा मिनिटं बाकावर आडवं होऊ द्यावं, पाणी द्यावं आणि पुन्हा वर्गात न्यावं. तास चालू असताना लघवीला जायला परवानगी असावी. आणि शाळा उघडण्याआधीच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी प्रत्येक स्वच्छतागृहात स्वतः शिरून, आतून कडी लागते का आणि नळाला पाणी येतं का, हे पाहावं.

एक शालेय समुपदेशक, सातारा