चोर्ल्याला जाण्याआधी बेळगावात उतर

वडगाव, बेळगाव

प्रिय मित्रा,

तुझा निरोप काल रात्री वाचला. दोन वर्षं ब्रशला हात लागला नाही, म्हणून चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला उतरायचं, एलएसडीचा कागद जिभेवर ठेवायचा आणि चित्र सुटतंय का बघायचं. फोन केला असता तर भांडलो असतो, म्हणून लिहितोय.

तुझं म्हणणं खुळचट नाही. १९६६ साली अमेरिकेत फॅडिमन, हार्मन वगैरे संशोधकांनी २७ जणांना मेस्कलिन, म्हणजे एलएसडीसारखंच भास घडवणारं औषध, दिलं आणि त्यांच्या कामातलेच अडलेले प्रश्न सोडवायला बसवलं. बऱ्याच जणांना वाट सापडली. पण तेवढ्याच तयारीनं, औषध न घेता नुसताच बसलेला दुसरा गट तिथं नव्हता. मग श्रेय औषधाचं की निवांत मिळालेल्या वेळाचं?

२०२१ चा नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचा प्रयोग मला जास्त पटला. त्यात ६० माणसं होती. काहींना सायलोसायबिन, म्हणजे नशेच्या अळंब्यांतलं द्रव्य, काहींना बिनऔषधाची मात्रा. अंमल असताना सायलोसायबिनवाल्यांना काहीतरी मोठं उमगल्यासारखं वाटत होतं. प्रत्यक्ष नेमून दिलेल्या कामात मात्र ते मागे पडले. सात दिवसांनी त्यांना नव्या कल्पना जास्त सुचल्या, हेही खरं.

बाबांचा माग आठवतो तुला? काठाची वेल त्यांना डोळे मिटून दिसायची. मग आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरत बसायचे. धाग्यांचा हिशेब जुळायचा नाही, खोडायचे, परत भरायचे. दहातली एखादी नक्षी मागावर चढायची. दिसण्याची अडचण त्यांना कधीच नव्हती रे. तुलाही नाही. तुझ्या वहीत कितीतरी चित्रं अर्धी पडलीत, मी बघितलीत ती.

आणि एक गोष्ट, जिची मला खरी भीती वाटते. तुझ्या थोरल्या मामांचा स्किझोफ्रेनिया. घरात हा आजार असलेल्यांना असल्या प्रयोगांत सहसा घेतच नाहीत, कारण त्यांचं मन बिघडण्याचा धोका जास्त. तिथं निदान डॉक्टर शेजारी असतो, मात्रा मोजलेली असते. किनाऱ्यावर तुला कोण काय देईल, त्यात किती काय असेल, कुणाला ठाऊक? मामींनी काढलेल्या त्या रात्री आपण दोघांनीही बघितल्यात.

चोर्ल्याला जायला बेळगाव लागतंच की. इथंच उतर. माळ्यावरचे बाबांचे आलेखाचे कागद काढून झटकून ठेवलेत, वाळवी लागलेली नाही. चार दिवस राहा. आई विचारत होती, तुला अजून कुंदा आवडतो काय म्हणून.

तुझाच,
बाळू