उद्यान अधीक्षकांना खुले पत्र : आमची रुई, तुमचा कोनोकार्पस

मा. उद्यान अधीक्षक साहेब,
स. न. वि. वि.

५ जूनला आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या जागेत आपण आला होतात. तामणाला पाणी घालतानाचा फोटो काढून घेतलात आणि माईकवरून म्हणालात, "आजींचा हा देशी झाडांचा कोपरा असाच राहील." परवा मंगळवारी सकाळी साडेआठला ठेकेदाराचा जेसीबी आला. नऊला कोपरा सपाट.

तामण, कुडा, बेल, अडुळसा, निरगुडी, रुईची दोन झुडपं. मी आडवी गेले तर मुकादम म्हणतो, "मावशी, रुई म्हणजे तणच की." त्या तणावर 'कडवा' नावाच्या फुलपाखराच्या सात अळ्या होत्या. काळे, पांढरे, पिवळे पट्टे. आदल्या संध्याकाळी मोजलेल्या. ढिगाऱ्यातून तीन सापडल्या, त्या आता लोणच्याच्या बरणीत आहेत. रुईशिवाय दुसरं काही तोंडात घेत नाहीत, म्हणून पानासाठी रोज रेल्वे फाटकापर्यंत जाते. रिक्षाने, कारण माझे दोन्ही गुडघे बदललेले.

चार वर्षं, साहेब. नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणून भाज्या धुतलेलं पाणी साठवायचं. डॉक्टरांनी बादली उचलायला मनाई केली तर तांब्याने घातलं. गेल्या मे महिन्यात तिथेच घसरून मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मुलगा म्हणाला, "आई, महापालिकेच्या जागेसाठी कशाला हाडं मोडतेस?" आता त्याला काय सांगू?

आणि लावलंत काय? कडेने कोनोकार्पस, परदेशी झाड. शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातलेलं झाड. मधे कार्पेट लॉन, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक. काम बारा लाखांचं म्हणे. पंधराचंही असेल, बोर्डावर आकडाच नाही.

तामण हे महाराष्ट्राचं राज्यफूल, हे आपल्याला माहीत असेलच. राज्य फुलपाखरू २०१५ पासून ब्ल्यू मॉर्मन. त्याच्या अळ्या लिंबावर, बेलावर वाढतात. म्हणजे एका सकाळीत राज्यफूलही उपटलंत आणि राज्य फुलपाखराचं ताटही. राज्यप्राणी शेकरू आमच्या शहरात नाही, वाचलं बिचारं.

मला दारातली फांदी छाटायची तर १९७५ च्या कायद्याने तुमच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज. गेल्या खेपेस तीन महिने चपला झिजवल्या. जेसीबीला अर्ज लागत नाही वाटतं! २०१९ ला राज्य सरकारचं ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं. आमच्या भागातल्या निम्म्या खड्ड्यांत आज गवत आहे, उरलेल्यांत गिरिपुष्प, तेही परदेशी. कोटींत मोजायची झाडं कुठली आहेत, हे कोण विचारतंय? लवकर वाढलं, हिरवं दिसलं, बिल निघालं. निवडणूक आली की त्याच जागेवर मंडप.

मागणं तीनच. कोनोकार्पस काढा. तामण आणि बेल परत लावा, रुई मी फाटकाजवळून आणते. आणि पुढच्या वेळी जेसीबी पाठवण्याआधी एक फोन करा. नंबर आपल्या ऑफिसात आहे. फोटोसाठी बोलावताना बरोबर सापडला होता.

आपली,
बरणीतल्या तीन अळ्या सांभाळणारी आजी