आई, तो पोशाख ऑफिससाठी नव्हता

बंगळुरू

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, दिवाळीनंतर मी तुला फोनवर विचारलं होतं, ताणणारं कापड शिवताना टाका सारखा का तुटतो. तू म्हणालीस, सरळ टाका घालू नकोस, झिगझॅग घाल, आणि सुई गोल टोकाची घे, नाहीतर कापडाला भोकं पडतील. मग विचारलंस, "कशाला हवंय?" मी म्हटलं, ऑफिसचा कार्यक्रम आहे. ते खोटं होतं. मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र. फोनवर एवढं सलग सांगता आलं नसतं, आणि बाबांना फोनवर नीट ऐकूही येत नाही.

तो पोशाख ध्रुवचा होता. सुपर कमांडो ध्रुव, हिंदी चित्रकथांमधला नायक. गल्लीच्या तोंडावरच्या दुकानातून किरायाने आणून मी जिन्यात बसून वाचायचे, तोच. अनुपम सिन्हांनी 1987 मध्ये त्याला आणलं, तेव्हा मी जेमतेम तीन वर्षांची होते. वाचायला लागले तोवर त्याच्या अंकांचा ढीग झाला होता. त्याच चित्रकथांमधला दुसरा नायक नागराज, त्याच्या अंगात विष होतं, साप होते. ध्रुवकडे असं काहीच नव्हतं. सर्कशीत वाढलेला मुलगा, आईवडील आगीत गेलेले. जे होतं ते शिकून मिळवलेलं. मला तो फार जवळचा वाटायचा. अजून वाटतो.

इथे बंगळुरूत, व्हाइटफील्डच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये कॉमिक कॉन नावाचा मेळा भरतो. आपल्याकडे तो 2011 मध्ये दिल्लीत सुरू झाला, आता बऱ्याच शहरांत होतो. चित्रकथांचे प्रकाशक असतात, चित्रकार आपापली टेबलं मांडून बसतात, खेळणी-पोस्टरं विकायला असतात, आणि लोक आवडत्या पात्राचा वेश करून येतात. त्याला कॉसप्ले म्हणतात. मी सात वर्षं जातेय, नेहमी साध्या कपड्यांत. या वेळी पहिल्यांदा वेश केला.

तुला आधी का नाही सांगितलं, तेही लिहिते. चार वर्षांपूर्वी सहज विषय काढला होता, तेव्हा तू म्हणाली होतीस, "या वयात शोभतं का?" रागाने नाही, काळजीने म्हणालीस, हे मला कळत होतं. तरी मी गप्प बसले. आज त्याचं उत्तर देते.

1939 मध्ये न्यू यॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथे दोघंजण भविष्यातल्या माणसांसारखे कपडे घालून गेले. ते दोन्ही पोशाख मर्टल डग्लस नावाच्या बाईने शिवले होते. जगभर आज जे चालतं त्याच्या मुळाशी एका बाईची सुई आहे, आई. हे वाचलं तेव्हा मला तुझी मशीन दिसली, खिडकीजवळची, पायाखाली कात्रणं पडलेली.

आणि बाबा, तुमचं तर मला कितीतरी सांगायचंय. इंदूरची तुमची मिल बंद पडली तेव्हा मी सात वर्षांची होते. पगार थकलेले, घरात दूध मोजून यायचं. तरी भाद्रपद लागला की तुम्ही रात्री शेडमध्ये जायचात. वर्गणी करून तुम्ही मंडळी गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी झांकी, म्हणजे गाडीवरचा तो हलता देखावा, उभी करायचात, आणि अनंत चौदसच्या रात्री आम्ही जेलरोडला ओट्यावर जागा धरून बसायचो. पहाटे राजवाड्याकडे झांकी गेली की मी तुमच्या खांद्यावर झोपलेली असायचे. आजी एकदा म्हणाली होती, "पोटाला नाही आणि हे काय?" तुम्ही काहीच बोलला नाहीत, हातावरचा सोनेरी रंग घासत राहिलात. तुमच्या त्या गप्प राहण्यातच मला आईच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. ज्यावर जीव आहे ते हाताने करून चार लोकांसमोर आणावंसं वाटतं, आणि त्याला वय विचारत नाहीत.

ध्रुवचा पट्टा, त्यावरचा तारा, मनगटपट्ट्या आणि बुटांवरची कवचं मी फोमची केली. व्यायामशाळेत जमिनीवर अंथरतात तसला घट्ट फोम. कटर उभा धरून कापला की कोपऱ्यात फट दिसते. पातं पंचेचाळीस अंशांत तिरपं धरलं की दोन कडा एकमेकींत बसतात. हे मला कुणी इथे शिकवलं नाही. शेडमध्ये पुठ्ठा कापताना तुम्ही माझा हात धरून शिकवलं होतंत. रबराचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावायचं, ओलेपणा गेला की मगच दाबायचं. घाई केली की सुटतं, हेही तुमचंच. गरम हवेच्या गनने फोमची छिद्रं मिटतात आणि दिलेला बाक टिकतो, एवढं मात्र मी नवीन शिकले. रंगाआधी पातळ केलेल्या फेविकॉलचे पाच हात दिले. सहा आठवड्यांचे सगळे रविवार त्यात गेले.

हॉलमध्ये एक विशीतला मुलगा वाकून पट्ट्यावरचा तारा बघत राहिला. म्हणाला, मॅडम, याची टोकं जोडलीत कशी, जोड दिसत नाही. मी त्याला तिरपं पातं कसं धरायचं ते दाखवलं. कुठे शिकलात विचारलं, तर म्हटलं, इंदूरला, वडिलांकडे. मिलमधे होते, झांकी करायचे. त्याने झांकी म्हणजे काय विचारलं आणि मी अर्धा तास सांगत बसले. त्या दिवसातला तो माझा सगळ्यात आवडता अर्धा तास.

आई, काळजी करू नकोस. तिथे विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही असा नियम असतो, दाराशी वेशासोबतची खोटी शस्त्रं तपासतात, खरं धारदार काही आत नेऊ देत नाहीत. मी निर्धास्त फिरले. झिगझॅग टाका एकदाही तुटला नाही. सोबत तीन फोटो पाठवतेय. शेजारच्या काकूंनाही दाखव, आता लपवायचं नाहीये.

पुढच्या वर्षी तुम्ही दोघांनी यावं. तिकिटं मी काढते. आत बसायला खुर्च्या मिळतात, बाबांच्या गुडघ्यांची सोय होईल.

आणि बाबा, एक काम आहे. पुढच्या वेळी मला पाठीवर उघडमीट होणारे पंख करायचेत. तुमच्या झांकीतला तो गरुड पंख हलवायचा, त्याला आत सायकलची चेन लावलेली होती, एवढंच आठवतं. दांडा चाकाला मध्यात जोडला होता की कडेला? हात थरथरतो म्हणून टाळू नका. रेघ वाकडी आली तरी मला कळेल. कागदावर काढून पाठवा.

तुमची,
मनू